कॉफी कोमट होती, हे सांगायचं नाही का?

संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले आणि आमच्या घरानं पहिल्यांदा समुद्र पाहायचं ठरवलं. तिगावहून पांढुर्णा, तिथून नागपूर, नागपूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई आणि मुंबईहून चार दिवसांचं जहाज. घरातले सहा जण होतो. सगळ्यांत वडील माझी मोठी आई, वय बहात्तर. परत आल्यावर ओट्यावर चार माणसं जमली आणि कसं झालं म्हणून विचारू लागली. मोठी आई म्हणाली, "जहाज लय मोठं होतं. समुद्र पाहून डोये भरून आले. कॉफी मात्र कोमट अन् बेचव देत होते बाप्पा."

तिची तीन वाक्यं. त्यातली पहिली दोन कोणी ऐकलीच नाहीत. तिसऱ्यावर जो तो तुटून पडला. "एवढं जहाज पाहिलं अन् कॉफीचं काय घेऊन बसली?" "घरी तर चहाच पिता तुम्ही, कॉफीतलं काय कळते तुम्हाले?" "फुकटची कॉफी अन् वरून नावं ठेवता?" नागपूरच्या मावसभावानं फोनवर हेच ऐकवलं, पुण्याच्या भाचीनं हेच जरा शुद्ध भाषेत ऐकवलं. तिच्या मते ही 'पहिल्यांदा प्रवास करणाऱ्यांची वृत्ती' आहे. म्हणजे हे काही एकट्या तिगावचं मत नाही. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत खोट काढली की माणूस कृतघ्न ठरतो, हा समज आज सगळीकडे पसरला आहे. मला तो मान्य नाही, आणि का नाही ते सविस्तर सांगायचं आहे.

आधी त्या कॉफीविषयी. पहाटे साडेपाचला मोठी आईला जाग येते. घरी या वेळेला तिची चूल पेटलेली असते. जहाजावर मी तिला घेऊन जेवणाच्या मोठ्या दालनात गेलो. कोपऱ्यात स्टीलची टाकी होती आणि तिला तोटी. खाली पेला धरला की फिकट तपकिरी पाणी यायचं, त्यावर भुकटीचा फेस. मोठी आईनं पेला दोन्ही तळव्यांत धरला. थंडीत ती चहाचा पेलाही असाच धरते, आधी हात शेकून घेते आणि मग पिते. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. हात काही गरम होईनात. एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि काही न बोलता समुद्राकडे बघत बसली. तळाशी न विरघळलेल्या भुकटीचा थर होता.

त्याच दिवशी दुपारी, दोन मजले वर, काचेच्या दुकानात मी तिला वेगळे पैसे मोजून कॉफी घेऊन दिली. ती वाफाळती होती. दुकानात शिरतानाच वास आला. मोठी आई एवढंच म्हणाली, "हां, ही कॉफी."

एकच जहाज, एकच समुद्र, पाणीही तेच. आता "जहाजावर याहून चांगली कॉफी मिळूच शकत नाही" असं मला कोणी सांगू नये. हा युक्तिवाद मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला आहे. जहाज हलतं, पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं, दूध टिकाऊ असतं, हजारो माणसांना पाजायचं असतं. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि त्यातली एकही निमित्त म्हणून चालत नाही. मोठ्या जहाजांवर समुद्राचं पाणी बाष्पीभवनानं किंवा उलट्या रसाकर्षणानं गोडं करतात आणि मग त्यात क्षार परत मिसळतात. चांगल्या कॉफीला थोडे क्षार असलेलं पाणी लागतंच, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशिवाय चव नीट उतरत नाही. म्हणजे पाणी ही अडचण नाही. पाण्याला नव्वदीच्या पुढे तापमान हवं, कॉफी ताजी दळलेली हवी आणि उतरवल्यावर ती तासन् तास टाकीत ठेवायची नाही. यासाठी जमीनच पायाखाली असावी लागते का? 3 मे 2015 ला सामांथा क्रिस्तोफोरेत्ती या इटालियन अंतराळवीर बाईंनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एस्प्रेसो कॉफी प्यायली. ज्या जागी पाणी पेल्यात ठरत नाही तिथे कॉफी करण्यासाठी खास यंत्र बनवलं गेलं. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर जे जमतं ते आपल्या किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर जमत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?

आणि समुद्रानं कॉफी बिघडते म्हणणाऱ्यांना कॉफीचा इतिहास तरी ठाऊक आहे का? आपल्याकडे कॉफी आली तीच समुद्र ओलांडून. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. पुढे मलबार किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांनी कॉफी युरोपला जायची. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने चालणाऱ्या त्या प्रवासात दमट हवेनं बी फुगायची, फिकट व्हायची आणि तिची आंबट धार जाऊन चव मऊ व्हायची. युरोपातल्या लोकांना तीच चव आवडू लागली. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव हरवली. गिऱ्हाइकांनी तक्रार केली. त्यांना कोणी कृतघ्न म्हटलं नाही. आपल्या व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्याच्या वाऱ्यात बी पसरून ती चव पुन्हा तयार केली. ती कॉफी 'मॉन्सून्ड मलबार' या नावानं आजही जगभर विकली जाते. गिऱ्हाइकाला आवडलं नाही म्हणून भारतातली एक अव्वल कॉफी जन्माला आली.

दुसरा आक्षेप फुकटचा. कॉफी 'तिकिटातच' असते, तिचे वेगळे पैसे लागत नाहीत, म्हणून ती फुकट. हा हिशेब मांडणाऱ्यांनी कधी स्वतःचं पीक विकलं आहे का, हा मला प्रश्न पडतो. तिकिटात खोली आहे, जेवण आहे, कॉफी आहे आणि त्या सगळ्यासाठी आम्ही पैसे मोजले आहेत. एका बहाराची मेहनत त्यात गेली. फुकट आहे असं म्हणून जी वस्तू दिली जाते तिची प्रत बघायची नाही, हा नियम कोणी केला? मला तर यात ठरवून केलेला व्यवहार दिसतो. खालच्या दालनातली कॉफी जितकी वाईट तितकं वरच्या दुकानात गिऱ्हाईक जास्त. 2010 साली 'अॅल्युअर ऑफ द सीज' या अवाढव्य जहाजावर स्टारबक्सनं दुकान उघडलं. जहाजावरचं ते त्यांचं पहिलं दुकान. चांगली कॉफी वेगळ्या पैशांनी विकण्याची चाल जहाजांवर आता रुळली आहे. विकायला माझी हरकत नाही. पण तिकिटाच्या पैशांत कॉफी द्यायचं कबूल केलं असेल तर ती कॉफी असली पाहिजे.

इथे माझ्या बागेचा दाखला द्यावा लागेल, कारण हा सगळा संताप तिथूनच आला आहे. पांढुर्णा आणि सौसर या पट्ट्यातली संत्री देशभर जातात, बहुतेक ठिकाणी नागपुरी संत्रं म्हणून. कोणी येऊन झाडाला पाणी किती दिलं, कोळशी रोग कसा आटोक्यात आणला, फळगळ थांबावी म्हणून रात्री किती जागलो हे विचारत नाही. व्यापारी येतो, कॅरेटमधलं वरचं फळ बाजूला सारतो, हात खाली घालून मधलं फळ काढतो, अंगठ्यानं दाबून बघतो, सालीवर डाग दिसला की कॅरेट वेगळं ठेवतो. बारीक फळ वेगळं, डागी वेगळं. भाव त्याच हिशेबानं. एखाद्या वर्षी गारा पडतात आणि सगळ्या फळांवर खुणा उमटतात, तेव्हाही "गारा तुमच्या हातात नव्हत्या" असं कोणी म्हणत नाही. आम्ही ते सोसतो, कारण बाजाराचा तो नियम आहे: घेणारा बघून घेईल, परखून घेईल. मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या पारखेला उभा राहणारा शेतकरी एकदाच घेणारा झाला तर त्यानं डोळे मिटून घ्यावेत? आमच्या फळाला डाग चालत नाही आणि आम्हाला दिलेल्या पेल्यात गाळ चालतो, हे कुठल्या न्यायात बसतं?

"तुम्हाला कॉफीतलं काय कळतं" हा तिसरा टोमणा. मला तो सगळ्यांत जास्त लागला, कारण तो मोठी आईला होता. तिची कॉफी मी लहानपणापासून पीत आलो आहे. एकादशीला आणि घरात कोणी आजारी असलं की ती करायची. दूध आटत आलं की सहाणेवर जायफळ दोन वेढे उगाळायची, दोनच, तिसऱ्यात कडवटपणा येतो म्हणायची. वेलची ठेचून, साखर शेवटी. ज्या बाईला जायफळाचा तिसरा वेढा कळतो तिला बेचव कॉफी कळत नाही? चव ही शहरातल्या माणसाची मिरास कधीपासून झाली?

आणि आमचा हा प्रदेश कॉफीला परका आहे हेही खरं नाही. याच सातपुड्याच्या रांगेत, अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे. कॉफी बोर्डानं पन्नासच्या दशकात आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा बेकार होणाऱ्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या साथीनं 1957 पासून सहकारी संस्था उभ्या केल्या आणि ती स्वतः चालवायला घेतली. त्यांतली जबलपूरची कामगार संस्था मध्य प्रदेशातल्या गावोगावी इंडियन कॉफी हाउस चालवते. तिथला वाढपी हाच त्या दुकानाच्या मालकांपैकी एक असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीची कामं आटोपल्यावर तिथे बसून गरम कॉफी पिणारी माणसं शेतकरी, शिक्षक, कारकून असतात. भारतात वर्षाला साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी पिकते, तिच्यातली निम्म्याहून बरीच जास्त बाहेरच्या देशांत जाते आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटली आहे. इटलीचा माणूस आपल्या मातीतली कॉफी नाक लावून, परखून घेतो. आपल्याच देशातल्या म्हातारीनं ती वाईट आहे म्हटलं की तिला अडाणी ठरवायचं?

बाजारात घेतलेल्या पाकिटावर तरी काही बंधन आहे. कॉफीत चिकोरी मिसळली असेल तर किती ते पाकिटावर छापावं लागतं आणि निम्म्याहून अधिक कॉफीच असली पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे. टाकीच्या तोटीवर असं काही लिहिलेलं नसतं. पिणाऱ्याकडे त्याची जीभ हाच एक पुरावा उरतो आणि नेमकी तीच त्यानं आवरायची?

चौथं म्हणणं मात्र मी आदरानं ऐकतो: तक्रार केली की ती शेवटी पेला देणाऱ्या पोरावर जाते. हे खरं आहे. जहाजांवर राबणाऱ्यांत आपल्या देशातली मुलं पुष्कळ असतात. गोव्यात तर तारवटी, म्हणजे खलाशी, होणं हा पिढ्यान् पिढ्यांचा पेशा आहे. कित्येक घरं त्या पगारावर उभी राहिली. सागरी कामगारांच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे कामाची कमाल मर्यादा आठवड्याला 72 तास ठेवता येते, म्हणजे जमिनीवरच्या नोकरदाराच्या जवळजवळ दीडपट. भारतानं 2015 मध्ये तो करार मान्य केला. आमच्या टेबलावर येणारा मुलगा सकाळी दिसायचा आणि रात्रीही तोच दिसायचा. त्याच्यावर कोणी ओरडलं तर मी पहिला उठून आडवा येईन. पण कॉफीची भुकटी त्यानं निवडली नाही, टाकीचं तापमान त्यानं ठरवलं नाही, एका पेल्यावर किती खर्च करायचा हे त्याला कोणी विचारलं नाही. ज्यांनी ठरवलं ते जहाजावर नसतातच. आपण गप्प बसलो की वाचतात ते. पोराला काहीच मिळत नाही. उलट उद्या चिडलेला प्रवासी त्याच्याच तोंडावर पेला आदळतो. म्हणून तक्रार लेखी करावी, कंपनीच्या नावानं करावी आणि पोराचं काम चांगलं असेल तर तेही त्याच कागदावर लिहावं.

राहिलं ते सगळ्यांत सोज्वळ दिसणारं म्हणणं: देशापुढे, गावापुढे एवढे मोठे प्रश्न असताना पेलाभर कॉफीचं काय? संत्र्याला भाव नाही, शिकलेली पोरं घरी बसली आहेत, ते बघा. बघतोच आहे. पण कोमट कॉफी मुकाट्यानं प्यायल्यानं संत्र्याचा भाव वाढलेला मी पाहिला नाही. जो माणूस पेल्याबद्दल बोलतो तो भावाबद्दल बोलणार नाही, असं कशावरून? माझा अनुभव तर असा आहे की मंडीत वजनकाटा तपासून घेणारी माणसं आणि रेशनच्या दुकानात पावती मागणारी माणसं बहुधा तीच असतात.

मुंबईच्या इतिहासात याचं एक मोठं उदाहरण आहे. फेब्रुवारी 1946 मध्ये 'तलवार' या नौदलाच्या केंद्रावरच्या भारतीय नाविकांनी निकृष्ट जेवणाबद्दल तक्रार केली. भिकाऱ्यांना निवड करता येत नसते, असं उत्तर त्यांना मिळालं, असं त्या प्रसंगाच्या इतिहासात सांगितलं जातं. 18 फेब्रुवारीला त्यांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारलं. काही दिवसांत सत्तरहून अधिक जहाजं आणि सुमारे 20,000 नाविक त्या उठावात सामील झाले. त्यांच्या अन्नाच्या प्रश्नाखाली गुलामीचा प्रश्न होता, आणि सहलीला गेलेल्या कुटुंबाची गोष्ट मी त्यांच्या शेजारी ठेवत नाही. पण त्या नाविकांना मिळालेलं उत्तर आणि आमच्या ओट्यावर मोठी आईला मिळालेलं उत्तर एकाच जातीचं आहे. मिळतंय ते घ्या, तुमची लायकी तेवढीच. ते उत्तर परक्यानं दिलं तेव्हा आपण अपमान मानला. आता आपलीच माणसं आपल्याच म्हातारीला ते देतात.

कायद्यानं तरी पैसे मोजणाऱ्याला भिकारी मानलेलं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी हा तक्रारीचा आधार आहे आणि ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीची कचेरी मुंबईत असो की परदेशात. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कॉफीसाठी कोणी आयोगात जावं असं मी म्हणत नाही. पण ज्या हक्कासाठी संसदेनं कायदा केला त्या हक्काला आपण ओट्यावर बसून कुरकुर म्हणतो, हे मला सहन होत नाही.

मोठी आईचा समुद्र त्या पेल्यामुळे नासला का, असंही मला विचारलं गेलं. नाही. तिनं सूर्य पाण्यातून वर येताना पाहिला आणि हात जोडले. आमच्याकडे सूर्य जमिनीतूनच उगवतो. पाण्यातून निघालेला सूर्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तो आनंद खरा आणि कॉफी कोमट होती हेही खरं. एक खरं सांगण्यासाठी दुसरं लपवावं लागावं, एवढं तिचं मन लहान नाही. ते तुम्ही लहान समजलात.

उतरायच्या आदल्या रात्री खोलीत अभिप्रायाचा कागद आला होता. सगळा इंग्रजीत, खाली चार ओळींची मोकळी जागा. मी म्हटलं, सांग, मी इंग्रजीत लिहितो. तिनं पेन मागून घेतलं आणि चष्मा लावून स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं: "समुद्र चांगला दाखवला. पोरगं मायेनं वाढते, त्याला आराम द्या. सकाळची कॉफी गरम द्या." खाली सही केली आणि गावाचं नाव घातलं, तिगाव.